जुलैतला ताप आणि लेकीकडचा चट्टा : लाइम रोगाचं एक प्रकरण

ऑगस्टच्या मध्यात ५८ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका यजमानांसोबत ओपीडीत आल्या. दोन दिवसांपासून तोंड डावीकडे ओढलं जात होतं. "चहा ओठातून गळून राहिला आणि उजवा डोळा बंदच होऊन नाही राहिला, डॉक्टर," त्या म्हणाल्या. यजमानांना एकच भीती होती : "लकवा तर नाही ना जी?"

त्यांना भुवया वर करायला सांगितल्या. कपाळाच्या डाव्या बाजूला आठ्या पडल्या, उजवी बाजू सपाट राहिली. हातापायांत ताकद पूर्ण, बोलणं स्पष्ट, चालणं नेहमीचं. मेंदूच्या झटक्यात कपाळ सहसा वाचतं, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडला की दोष बहुधा मेंदूत नसतो, मेंदूतून चेहऱ्याकडे येणाऱ्या सातव्या नसेत असतो. आपल्याकडे अशा रुग्णांत बहुतेकदा बेल्स पाल्सी निघते, म्हणजे ठरावीक कारण न सापडता ही नस अचानक लुळी पडते. स्टिरॉइडचा छोटा कोर्स, डोळ्याची काळजी आणि काही आठवडे धीर, एवढ्यावर बहुतेकांचा चेहरा जागेवर येतो.

इथेही तेच करून मोकळं होता आलं असतं. पण बाईंनी बोलता बोलता दोन गोष्टी सांगितल्या. महिन्याभरापूर्वी आठवडाभर ताप येऊन गेला होता. तेव्हापासून सांधे आळीपाळीने दुखत होते : आधी मनगट, मग खांदा, मग गुडघा, आणि एक दुखणं बरं होईस्तोवर दुसरं सुरू. नागपुरात असं कोणी सांगितलं की पहिल्यांदा चिकनगुनिया आठवतो. पण चिकनगुनियाचे सांधे सहसा दोन्ही बाजूंचे, एकदम आणि जबरदस्त धरतात. सकाळी मूठ मिटत नाही. बाईंचं दुखणं हलकं आणि फिरतं होतं. ताप, फिरते सांधे आणि सातवी नस एका ओळीत मांडून पाहावीत असं वाटलं.

तापाचा महिना

तो ताप जुलैच्या मध्यातला. १०१ पर्यंत चढायचा, डोकं जड, मान आखडलेली, अंग ठणकायचं. थकवा इतका की पोळ्या लाटायला उभं राहवेना. सर्दी नाही, खोकला नाही, लघवीची तक्रार नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी डेंग्यूची एनएस१ तपासणी केली, मलेरियासाठी स्मीअर पाहिली, पेशी मोजल्या. सगळं ठीक निघालं, प्लेटलेटही कमी नव्हत्या. पॅरासिटॅमॉल आणि विश्रांती सांगितली गेली. सहा दिवसांत ताप उतरला आणि फाइलवर 'व्हायरल' असा शेरा पडला.

त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. जुलैत नागपुरात तापाचा रुग्ण आला की डेंग्यू आणि मलेरिया आधी पाहायचे हेच बरोबर आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी होती ती गोष्ट त्यांना कोणी दाखवलीच नाही. बाईंच्या डाव्या मांडीच्या मागे, गुडघ्याच्या लवणीच्या थोडं वर, एक मोठा चट्टा होता. ताप आला तेव्हा तो फिका पडायला लागला होता. बाईंच्या लेखी ती कातडीची वेगळी बाब होती आणि तिच्यासाठी ट्यूब लावणं सुरू होतं. तापासाठी गेलेला माणूस मांडीची मागची बाजू दाखवत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत ती पाहायला फारसं कोणी सांगत नाही.

"बाहेर कुठे गेला होतात?"

हा प्रश्न मी विचारला, तेव्हा उत्तर आलं : "नाही, कुठेच नाही." दुसऱ्यांदा विचारलं, "या वर्षात नागपूरबाहेर मुक्काम कुठे कुठे झाला?" तेव्हा यजमान म्हणाले, "म्हणजे तसं नाही, लेकीकडे होतो आम्ही. तिचं बाळंतपण होतं ना." लेक न्यू जर्सीत. एप्रिलच्या शेवटी गेले, १० जुलैच्या सुमारास परतले.

असं उत्तर मी बऱ्याच घरांतून ऐकलं आहे. लेकीकडे किंवा मुलाकडे राहून येणं आपल्या लोकांच्या हिशेबात प्रवास नसतो. प्रवास म्हणजे काशी, चारधाम, अष्टविनायक. म्हणून 'प्रवास केला का' असं विचारून भागत नाही. देश, गाव, महिना आणि घराभोवती काय आहे, हे सगळं विचारावं लागतं.

घरामागे छोटं अंगण, अंगणापलीकडे झाडी, संध्याकाळी कधी कधी हरणं येतात. बाईंनी तिथे मेथी, कोथिंबीर लावली होती. पलीकडचा वाळलेला पाला त्या स्वतःच गोळा करायच्या. जूनभर रोज.

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे कनेक्टिकट, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत, तसंच विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे, काळ्या पायांची गोचीड असते. तिच्यातून बोरेलिया बर्गडॉर्फेरी नावाचा मळसूत्री जिवाणू माणसात येतो आणि लाइम रोग होतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर या रोगाचे उपचार होतात. सर्वांत धोक्याची असते तिची अर्धवट वाढलेली पिल्लं. ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात. चावा दुखत नाही, खाजत नाही आणि बहुतेकांना तो कळतही नाही. या पिल्लांचा हंगाम मे ते जुलै.

नागपूरकरांनी हा हंगाम लक्षात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हाच आईवडील मुलांकडे निघतात, नेमके एप्रिल-मेमध्ये, आणि पावसाळा लागल्यावर परततात. म्हणजे गोचीड चावण्याचा काळ तिथे जातो आणि लक्षणं उमटण्याचा काळ इथे येतो, तोही डेंग्यू, मलेरिया, चिकनगुनिया आणि स्क्रब टायफसच्या गर्दीत. आजाराचा अर्धा भाग एका देशात घडतो, उरलेला दुसऱ्या देशात, आणि कोणत्याही एका डॉक्टरसमोर तो पूर्ण येत नाही.

फोनमधला फोटो

मी बाईंना विचारलं, तिकडे असताना अंगावर कुठे चट्टा, डाग, गोल लाली आली होती का? त्यांनी "नायटा झाला होता" म्हणून हात हलवला. त्यांच्या पिशवीत नागपूरहून नेलेली ट्यूब होती, स्टिरॉइड आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली. अशा ट्यूबा आपल्याकडच्या मेडिकल दुकानांतून सर्रास मिळतात. तीच लावली. लेकीने फोटो काढून मावशीला पाठवला होता. मावशीनेही नायटाच सांगितला. तिथल्या डॉक्टरकडे जायचं तर विम्याचा प्रश्न होता, म्हणून राहून गेलं.

लेकीला तिथेच फोन लावला. दोन फोटो आले, एक जूनच्या शेवटचा, दुसरा त्यानंतर पाच दिवसांचा. पहिल्यात लालसर-जांभळट, सपाट, लांबट गोल चट्टा, शेजारी लेकीचा अंगठा. दुसऱ्यात तोच चट्टा तळहाताहून मोठा. कड स्पष्ट, मध्यभाग किंचित फिका, कातडी गुळगुळीत. खपली नाही, फोड नाही, कोंडा नाही.

निदान त्या दोन फोटोंत होतं.

नायट्याची कड उठावदार असते, तिच्यावर बारीक कोंडा सुटतो, खाज अस्वस्थ करते आणि वाढ आठवड्यांच्या हिशेबाने होते. डास किंवा किडा चावला तर गांधी काही तासांतच उठते, खाजते आणि दोन दिवसांत बसते. जंतुसंसर्गाने कातडी सुजली तर हात लावू देत नाही इतकी दुखते. लाइमचा चट्टा, ज्याला एरिथेमा मायग्रन्स म्हणतात, चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत, साधारण आठवडाभराने उठतो आणि दिवसागणिक पसरतो. व्यास ५ सेंटिमीटरच्या वर जातो. हाताला थोडा गरम लागतो, पण दुखत नाही आणि खाजलाच तर थोडाच. सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत तो येतो. चित्रांत दाखवतात तसा नेमबाजीच्या पाटीसारखा, वर्तुळात वर्तुळ असलेला चट्टा सगळ्यांना येत नाही. अनेकांचा चट्टा सबंध एकसारखा लाल असतो, आणि तसं चित्र डोक्यात धरून बसलेला माणूस खरा चट्टा नाकारतो.

आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर ही लाली आणखी फसवते. ती लाल दिसण्याऐवजी जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखी दिसते. गडद कातडीच्या रुग्णांत लाइमचं निदान उशिरा होतं, ही अमेरिकेतलीही जुनी अडचण आहे. त्यामुळे चट्टा दिवसाच्या उजेडात पाहावा, हाताने ऊब तपासावी आणि बॉलपेनने कड आखून तारीख लिहावी. उद्या कड ओलांडून तो पुढे गेला असेल, तर ती माहिती कोणत्याही वर्णनापेक्षा मोठी. फोटोत शेजारी नाणं ठेवावं.

बाईंच्या बाबतीत ट्यूबने चट्टा गेला असा सगळ्यांचा समज झाला. उपचार न करताही हा चट्टा काही आठवड्यांत विरतो. जिवाणू मात्र तोवर रक्तातून पुढे गेलेला असतो. मग आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चेहऱ्याची नस, मेंदूचं आवरण, हृदयाच्या ठोक्यांची वहनव्यवस्था किंवा एखादा मोठा सांधा, बहुधा गुडघा, धरला जातो. हृदयाचा भाग गंभीर असू शकतो, म्हणून चक्कर, छातीत धडधड, धाप हे विचारलं आणि लगेच ईसीजी काढला. तो साधा निघाला. मान लवचीक होती, डोकेदुखी नव्हती, त्यामुळे पाठीतून पाणी काढण्याची गरज वाटली नाही.

या रोगाची ओळख पटली तीही घरच्या माणसांच्या टिपणांवरून. १९७५ च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या लाइम गावात मुलांचे गुडघे सुजत होते. पॉली मरे ही आई घरातल्या लक्षणांची नोंद वर्षानुवर्षं ठेवत होती. तिच्यासारख्या पालकांनी आरोग्य खात्याकडे लावून धरलं, तेव्हा येल विद्यापीठातले अॅलन स्टीअर तपासाला लागले. जिवाणू विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत दिसला तो त्यानंतर, १९८१ मध्ये. मला बाईंच्या लेकीचे ते दोन फोटो त्याच जातीचे वाटतात. काही माहीत नसताना तिने तारीखवार पुरावा जपून ठेवला होता.

रक्ताचा रिपोर्ट कधी खरा

लाइमची तपासणी जिवाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती तयार व्हायला आठवडे लागतात. चट्टा ताजा असताना रक्त तपासलं तर रिपोर्ट बहुधा निगेटिव्ह येतो आणि रुग्ण निर्धास्त होतो. म्हणून रोगाच्या प्रदेशात राहून आलेल्या माणसाला असा चट्टा दिसला की रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करायचे असतात. इथे चट्टा उठून सहा-सात आठवडे झाले होते, त्यामुळे तपासणीला अर्थ होता. पहिल्या पायरीला एलायझा, ती पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या पायरीला इम्युनोब्लॉट. नमुना नागपूरबाहेर गेला, रिपोर्ट यायला वेळ लागला. दोन्ही पायऱ्या पॉझिटिव्ह आल्या. उपचार मात्र फोटो पाहिले त्याच दिवशी सुरू झाले होते.

एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. थकवा आणि अंगदुखी असलेल्या प्रत्येकाने ही तपासणी करून घेऊ नये. रोगाच्या प्रदेशात कधी न गेलेल्या माणसात एखादा चुकीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट महिनोन्महिने नको ती अँटिबायोटिक्स गळ्यात बांधतो. भारतात लाइमच्या नोंदी आहेत, पण तुरळक : हिमालयाचा पट्टा, ईशान्य, दक्षिणेत वायनाडकडची जंगलं. गाईम्हशींच्या, कुत्र्यांच्या अंगावर विदर्भात रोज दिसतात त्या गोचिडी वेगळ्या जातींच्या, त्या लाइम पसरवत नाहीत.

आपल्या मुलखाचा चट्टा वेगळा

बाहेरून आलेल्या या रोगाबद्दल लिहिताना, इथल्याच एका रोगाबद्दल न लिहिणं चुकीचं ठरेल. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. तोही चाव्यातूनच होतो, पण गवतात, झुडपांत राहणाऱ्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म अळीच्या. जिवाणू ओरिएन्शिया सुत्सुगामुशी. चावल्यानंतर साधारण ६ ते २१ दिवसांत चढा ताप, प्रचंड डोकेदुखी, आणि काही रुग्णांत चावल्या जागी एस्कार : सिगारेटने भाजल्यासारखी, काळ्या खपलीची, न दुखणारी छोटी जखम. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली दडते. शोधली नाही तर सापडत नाही.

लाइमचा चट्टा मोठा, सपाट, पसरणारा, खपलीविना. स्क्रबची खूण छोटी, काळी, जागच्या जागी. लाइमचा ताप सौम्य, कधी नसतोही. स्क्रबचा ताप माणसाला झोपवतो आणि उपचार न झाल्यास फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर जाऊन जीव घेऊ शकतो. काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडून शेतातून आलेला तापाचा रुग्ण असेल तर आधी स्क्रब टायफस आठवायचा. दोन्हींत डॉक्सिसायक्लिन चालतं, पण म्हणून निदान सोडून द्यायचं नाही, कारण कोर्सची लांबी आणि पुढची देखरेख वेगळी असते. दोन्हींचं निदान मात्र एकाच गोष्टीवर अडतं : रुग्णाचं सगळं अंग, आडोशाच्या जागांसकट, कोणीतरी नीट पाहिलं का. स्त्री रुग्णांत हे हमखास राहतं. नर्सताईंना सोबत घेऊन, पडदा ओढून, पाच मिनिटं दिली तर होतं.

उपचार आणि नंतर

डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, २१ दिवस. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, घेतल्यावर अर्धा तास आडवं पडायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध, कॅल्शियम, लोहाची गोळी आणि अॅसिडिटीचं पातळ औषध यांच्याबरोबर ती घ्यायची नाही. बाई कॅल्शियम रोज घेत होत्या, ते दुपारवर ढकललं. उन्हात कातडी लवकर भाजते, हेही सांगितलं. लाइममुळे नस लुळी पडली असेल तर स्टिरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही, म्हणून ते दिलं नाही. उघड्या राहणाऱ्या डोळ्यासाठी दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर हलकी पट्टी. या रोगात डोळ्याचं नुकसान बहुधा दुर्लक्षामुळे होतं.

पहिल्या दिवशीच रात्री थंडी वाजून ताप आला आणि यजमानांचा फोन आला, "गोळी सोसली नाही, बंद करू का?" जिवाणू एकदम मरायला लागले की अशी प्रतिक्रिया काहींना पहिल्या चोवीस तासांत येते आणि स्वतःच उतरते. पुरळ, श्वास, चेहऱ्यावरची सूज यांची फोनवर चौकशी केली. तसं काही नव्हतं. गोळी चालू ठेवली, सकाळपर्यंत ताप गेला.

तिसऱ्या आठवड्यात डोळा मिटू लागला. सांधे त्याआधीच मोकळे झाले होते. ऑक्टोबरमध्ये हसताना किंचित फरक दिसायचा, दिवाळीनंतर तोही गेला. थकवा मात्र रेंगाळला. तो काही रुग्णांत महिनोन्महिने राहतो आणि अँटिबायोटिक लांबवून तो कमी होत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. बाईंना कोणीतरी आणखी दोन महिने गोळ्या घ्यायला सुचवलं होतं. मी नको म्हणालो.

रिपोर्ट निगेटिव्ह झाला का ते पाहायला पुन्हा तपासणी करावी, असा घरच्यांचा आग्रह होता. प्रतिद्रव्यं बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात, त्यामुळे त्या तपासणीतून काही कळलं नसतं. घरच्यांना लागण होण्याची भीतीही नव्हती, हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. पण एकदा होऊन गेल्याने संरक्षण मिळत नाही. पुन्हा चावली तर पुन्हा होऊ शकतो.

एप्रिलमध्ये त्यांचं परत जाणं ठरलं आहे. फाइलच्या शेवटच्या पानावर मी लेकीसाठी लिहून दिलं : अंगणात जाताना पूर्ण बाह्या आणि मोज्यांत खोचलेली पँट, कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक, उघड्या कातडीवर डीट हे किडे दूर ठेवणारं औषध. आत आल्यावर दोन तासांत अंघोळ आणि गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, बेंबीत, कानामागे, केसांत हात फिरवून तपासणी. गोचीड दिसली तर रॉकेल, चुना, पेटती काडी यांपैकी काहीही न लावता बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. ती साधारण दीड दिवस चिकटून राहिली तरच जिवाणू अंगात उतरण्याची शक्यता वाढते, म्हणून रोज तपासणं पुरतं. पोट भरून फुगलेली निघाली, तर ७२ तासांच्या आत तिथल्या डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिनचा एकच २०० मिलिग्रॅमचा डोस घेता येतो. आणि जाताना ट्यूब नेऊ नये.